जोडीदाराचं शरीर उसनं असतं: तालमीत किंवा कराटे-ज्युदोच्या क्लासला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पुण्यात मार्शल आर्ट शिकायची सोय मुबलक आहे. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या तालमी आहेत. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली उभं केलेलं महाराष्ट्रीय मंडळ आहे. कोथरूड-धनकवडीपासून वाकडपर्यंत शाळांच्या सभागृहांत, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, अगदी पार्किंगमध्येही मॅट टाकून कराटे, तायक्वांदो, ज्युदोचे क्लास चालतात. बहुतेकांच्या फलकावर शिस्त आणि संस्कार हे शब्द असतातच. ते संस्कार नेमके कुठे होतात, हे फलकावरून कळत नाही.

आमच्या मते ते फार छोट्या जागेत होतात. जोडीदाराचा कोपर, मान किंवा गुडघा तुमच्या ताब्यात असतो, त्या दोन-तीन सेकंदांत. शेजारून आणलेलं पातेलं घासून-पुसून परत करावं, तसं ते शरीर सराव संपल्यावर धडधाकट परत करायचं असतं. बाकीचे सगळे सद्गुण याच सवयीभोवती वाढतात, म्हणून या लेखातही सगळ्यात जास्त जागा तिला दिली आहे.

पायरी १: फी भरण्याआधी दोनदा बसून बघा

डेमो क्लासवर जाऊ नका, तो पाहुण्यांसाठी असतो. नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या बॅचला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायची परवानगी मागा आणि आठवड्याभरात पुन्हा एकदा जा. बसू द्यायलाच नकार असेल, तर दुसरीकडे चौकशी करा. मुलाला घालायचं असेल तर याबाबत अजिबात तडजोड नको.

बघताना सरांच्या उंच किककडे लक्ष देऊ नका. त्या खोलीतलं सगळ्यात कच्चं माणूस शोधा. पहिल्या आठवड्यातली मुलगी असेल, वजन जास्त असलेला मुलगा असेल, चाळिशीत आलेले काका असतील. पुढचा तासभर नजर त्यांच्यावर ठेवा. त्यांना जोडीला कोण मिळतं? ते चुकले की कोण हसतं, आणि हसणाऱ्याला सर काय म्हणतात? कुणाला लागलं तर सर जवळ जातात, की लांबूनच 'काही होत नाही, ऊठ' म्हणतात? समोरच्याने हार मानून टॅप केल्यावर, म्हणजे हाताने थोपटल्यावर, पकड तत्क्षणी सुटते, की अर्धा सेकंद उशिरा? तो उशीर एका मुलाचा असेल तर ती चूक आहे. सगळेच सीनियर तसं करत असतील तर ती तिथली रीत आहे, आणि तुमच्या कोपरालाही तीच रीत लागू होणार आहे.

मग हे प्रश्न विचारा. वर्षाचा एकूण खर्च किती, म्हणजे फी, गणवेश, बेल्टच्या परीक्षा, स्पर्धांची नोंदणी, संघटनेची वर्गणी सगळं धरून? सर बाहेरगावी असले की कोण शिकवतं? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? (ती उघडून बघा. रिकामी पेटी बरंच काही सांगते.) ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतात? या शेवटच्या प्रश्नाला 'वर्षभरात करून देतो' असं उत्तर आलं, तर तिथे बेल्टची विक्री चालते असं समजा. कराटेत ब्लॅक बेल्टआधी साधारण आठ ते दहा टप्पे असतात आणि नियमित येणाऱ्यालाही चार-पाच वर्षं सहज लागतात.

तालमीत फीचा प्रश्न छोटा असतो, ओळखीचा मोठा. तिथे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी जा, वस्तादांना भेटा, वय आणि जुनी दुखणी खरी सांगा. इथे कुणाला घेतात आणि कुणाला टाळतात, हेही बघून घ्या. गंज पेठेतल्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. शिकणाऱ्याची जात, धर्म किंवा घरची ऐपत बघून जोड लावणारी जागा आजच्या पुण्यात सापडली, तर तिची इमारत कितीही जुनी असो, ती सोडून द्या.

पायरी २: पहिला महिना, अंग आणि जागा स्वच्छ ठेवण्याचा

नखं दर तीन-चार दिवसांनी कापा, हाताची आणि पायाचीही. अंगठी, कडं, साखळी, कानातलं घरी ठेवा. गणवेश किंवा लंगोट एकदा वापरला की धुवायचा. 'उद्या परत घामच येणार आहे' म्हणून तसाच पिशवीत कोंबलेला ओला गणवेश पावसाळ्यात हमखास घात करतो. जून ते सप्टेंबर पुण्यात कपडे वाळत नाहीत, तळघरातल्या मॅटही दमट राहतात, आणि मग नायटा एकाकडून दुसऱ्याकडे, महिन्याभरात अर्ध्या बॅचकडे जातो. दोन जोड ठेवा. अंगावर गोल, लालसर, खाजरा चट्टा दिसला तर तो झाकून सरावाला येऊ नका. सरांना सांगा, डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत बाजूला बसून बघा. स्पर्धा जवळ आलेली असताना हे सांगणं जड जातं, तरीही सांगा.

तालमीत चपला बाहेर, आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरताना माती कपाळाला लावायची पद्धत आहे. समोर मारुतीची तसबीर असते. कराटे-ज्युदोत सुरुवातीला आणि शेवटी झुकून 'रेई' करतात: आधी समोरच्या मानाच्या बाजूला, मग शिक्षकांना, मग एकमेकांना. यातलं काही तुमच्या श्रद्धेत बसत नसेल तर पहिल्याच दिवशी तसं शांतपणे सांगा आणि आदर कसा दाखवलेला चालेल ते विचारा. समजूतदार वस्ताद अडवत नाहीत. एकमेकांना केलेला नमस्कार मात्र कुणीही गाळू नये. 'मी तुला इजा करणार नाही' असा तो करार आहे, आणि घाईघाईत मान हलवून तो होत नाही. थांबा, समोर बघा, झुका, मग हात उचला.

नवख्याला तालमीत माती खणायचं काम लागतं. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेला असतो. खणून, ढेकळं फोडून ती सारखी केली की पडणाऱ्याला झेलते. खोरं चालवताना हाताला खडा लागला तर तो उचलून बाहेर टाका. दुपारच्या उन्हात कडक झालेलं एक ढेकूळ खांद्याखाली आलं, की पाठीवर पडलेल्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडू शकतं. मॅटवरही तेच: दोन मॅटमधल्या फटीत पायाचं बोट अडकतं आणि मुरगळतं, म्हणून सराव सुरू होण्याआधी चारही कडा पायाने दाबून जुळवून घ्या. दहा-पंधरा मिनिटं लवकर येण्याचं कारण हेच आहे.

हे काम आणि राबवून घेणं यांतला फरक ओळखा. हौदा खणणं, हॉल झाडणं, मॅट पुसणं सगळ्यांसाठी असतं आणि जुने पठ्ठेही ते करतात. सरांची गाडी धुणं, त्यांच्या घरचा गॅस सिलिंडर चढवणं हे शिक्षण नाही. गुरुपौर्णिमेला फूल-नारळ प्रेमाने द्यावा. ठरलेल्या रकमेचं पाकीट मागितलं जात असेल, तर ती फीच आहे आणि तिची पावती मागायला संकोच नको.

पायरी ३: आकडा खरा सांगा

वस्ताद जोर-बैठका घालायला सांगतात आणि नंतर विचारतात, 'किती झाले?' नवख्याला पंचवीस जोर आणि पन्नास बैठका पुष्कळ झाल्या. अठरा झाले असतील तर अठराच सांगा. छाती खाली न नेता घातलेला अर्धा जोर मोजू नका. यामागे अगदी व्यावहारिक कारण आहे. तुमच्या आकड्यावरून उद्याची मेहनत ठरते. खोट्या पंचवीसवर उद्याचे पस्तीस चढवले जातात, खांदा थकलेला असताना डाव शिकवला जातो, आणि इजा तिथे होते. दुखतंय हे लपवणंही याच खात्यातलं खोटं आहे.

पायरी ४: जोडीदार

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांनी पुढे मांडलेल्या दोन तत्त्वांपैकी एक 'जिता क्योएई', म्हणजे स्वतःचं आणि दुसऱ्याचं भलं एकत्र. ऐकायला हे सुविचारासारखं वाटतं, पण ज्युदोचा सराव त्याशिवाय चालूच शकत नाही. माणूस उचलून टाकायला शिकायचं तर स्वतःहून पडायला तयार असलेलं माणूस लागतं, आणि आज पडलेला उद्या परत आला तरच तुमचा सराव पुढे जातो.

सांध्याची पकड लावताना असं करा. पकड बसवण्यापर्यंतचा भाग वेगात केलात तरी चालेल. कोपर सरळ होऊन ताण जाणवायला लागला, की तिथून पुढचा वेग पूर्ण काढून टाका. तिथे थांबा, मनात 'एक, दोन' म्हणा, जोडीदाराला टॅप करायला वेळ द्या. एकाच झटक्यात शेवटपर्यंत गेलात तर त्याला टॅप करायची संधीच मिळत नाही आणि कोपराचे स्नायुबंध ताणले जातात. टॅप जोडीदाराच्या अंगावर, दोनदा, त्याला कळेल असा. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर, नाहीतर तोंडाने. टॅप आला की त्याच क्षणी सोडा. तो खरा होता की चुकून हात लागला, याचा विचार सोडल्यानंतर करा. मानेवरची पकड नीट बसली तर काही सेकंदांत शुद्ध जाते, त्यामुळे सर शेजारी उभे नसताना ती नवख्यांनी लावूच नये.

दुसरी बाजू टॅप करणाऱ्याची. पहिले सहा महिने लवकर टॅप करा. 'अजून थोडं सहन करतो' म्हणणाऱ्यालाच जास्त लागतं, आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे सराव बुडतो तो वेगळा. शिवाय जोडीदाराच्या मनावर ओझं राहतं. लवकर टॅप करणं हेही त्याची काळजी घेणंच आहे.

कुमिते (कराटेतली सरावाची लढत), स्पॅरिंग किंवा कुस्तीतली खडाखडी सुरू करण्याआधी किती जोर लावायचा ते बोलून ठरवा. 'निम्म्या जोरात, डोक्याला हात नाही' एवढं पुरे. जो हलका, लहान किंवा नवा आहे, वेग त्याचा. तरीही एक गोष्ट हमखास बिघडते. दोघं हळू सुरू करतात आणि मिनिटाभरात जोर चढत जातो. दोघांनाही वाटतं की समोरच्याने सुरू केलं, आणि दोघंही खरं बोलत असतात. स्वतः लावलेला जोर माणसाला प्रत्यक्षापेक्षा कमी जाणवतो, बसलेला मार मात्र पुरता जाणवतो. म्हणून 'जेवढा बसला तेवढाच परत दिला' हा हिशोब दर फेरीला फुगतो. यावर उपाय एकच. जोरात बसला की परतफेड करू नका, मोठ्याने 'जोर कमी' म्हणा आणि स्वतःचा जोर तुम्हाला बरोबर वाटतो त्याच्याही खाली आणा.

तुमच्याकडून जोरात लागलं तर हात खाली घ्या, एक पाऊल मागे या, विचारा, उत्तर ऐका. 'सॉरी सॉरी' म्हणत पुढचा ठोसा मारणं म्हणजे माफी नाही. डोक्याला लागलं असेल तर त्या दिवशी त्याचा सराव संपला, तो कितीही 'मी बरा आहे' म्हणाला तरी. डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही दिसलं तर एकट्याला दुचाकीवर घरी पाठवू नका. कुणीतरी बरोबर जाऊन दवाखान्यात न्या, घरी फोन करा. परत मॅटवर कधी यायचं ते डॉक्टर ठरवतील.

कुस्तीत केस, कान, डोळे, गळा धरणं आणि सुटी बोटं पिरगाळणं नियमात नाही. पंच नसताना, सरावात, कुणी बघत नसताना ते न करणं हीच खरी परीक्षा. आपल्याकडे 'लंगोटाचा सच्चा' म्हणतात तो सच्चेपणा ब्रह्मचर्यापुरता ठेवू नये, पकडीतही दिसावा.

पायरी ५: स्पर्धा आणि पैसा

तीन प्रलोभनं लवकरच समोर येतील. पहिलं, वयचोरी. दाखल्यात वय दोन वर्षांनी कमी केलं की सोळाचा मुलगा चौदाच्या गटात खेळतो. पदक मिळतं, आणि समोरच्या पोराच्या अंगावर दोन वर्षं जास्त वाढलेली हाडं-स्नायू आदळतात. पालकांनो, असा सल्ला क्लासमधून आला तर मुलाला तिथून काढा. दुसरं, वजन उतरवणं. पाणी बंद करून, जाड कपड्यांत पळवून मुलांचं वजन दोन दिवसांत उतरवू नका. वरच्या वजनगटात हरलेलं चालतं. तिसरं, डब्यातली पावडर आणि इंजेक्शनं. लेबल नसलेलं, जिमवाल्याने 'खुराक' म्हणून दिलेलं काहीही घेऊ नका. प्रतिबंधित औषध सापडलं तर मला माहीत नव्हतं म्हणून खेळाडू सुटत नाही.

जत्रेच्या आखाड्यात इनामाच्या कुस्त्या लढायला लागलात की कधीतरी नुरा कुस्तीची, म्हणजे आधीच ठरवलेल्या निकालाची, विचारणा होईल. नाही म्हणा आणि त्याच दिवशी वस्तादांच्या कानावर घाला.

पायरी ६: आखाड्याबाहेर

शोतोकान या कराटेच्या शैलीच्या अनेक क्लासमध्ये पाच वाक्यांची शपथ म्हणतात. चारित्र्य घडवणं, खरेपणा, प्रयत्न, शिष्टाचार, आणि शेवटचं वाक्य उसळत्या रक्ताचं धाडस आवरण्याबद्दल. या शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांच्या वीस सूत्रांतलं एक सूत्र सांगतं की कराटेत पहिला वार आपला नसतो. कॉलेजच्या कट्ट्यावर मित्राचा मनगट पिरगाळून दाखवणं, धाकट्या भावावर नवा डाव करून बघणं, भांडणात 'मी ब्लॅक बेल्ट आहे' सांगणं, सगळं या सूत्राच्या विरुद्ध आहे. घरच्या फरशीवर मॅट नसते आणि भावाला पडायला शिकवलेलं नसतं.

कायदाही माहीत हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. कलम ३७ त्याला मर्यादा घालतं: बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तेव्हा हा अधिकार उरत नाही. म्हणजे क्रम असा: आधी अंतर ठेवा, निघून जा, ११२ ला फोन करा. वाटच नसेल तर सुटण्यापुरतं करा आणि सुटताच थांबा. खाली पडलेल्याला मारलेली एक लाथ तुम्हाला बचाव करणाऱ्यातून आरोपीत नेऊन बसवते.

दांडपट्टा, तलवार, भाला शिकणाऱ्यांनी सरावाची हत्यारं बोथट ठेवावीत, गुंडाळून न्यावीत आणि सणाच्या काळात शस्त्रबंदीचा आदेश आहे का ते आपल्या पोलीस चौकीत विचारावं. गणेशोत्सवात पथकाबरोबर खेळ करताना प्रेक्षक आणि फिरता पट्टा यांत दोरी धरलेली माणसं हवीतच.

पायरी ७: सरांनी लहान मुलांची बॅच सोपवली तर

तीन-चार वर्षांनी ही वेळ येते, आणि बहुतेकांना डाव येत असतात, शिकवणं येत नसतं. एका वेळी बारा-पंधरापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. जोड लावताना वय आणि वजन दोन्ही जुळवा. एका वेळी एकच चूक सुधारा. पाय, कंबर आणि हात तिन्ही एकदम सांगितलं की मूल घाबरून सगळंच विसरतं.

डाव करून दाखवायला कुणाला बोलावता, यावर मुलांचं बारीक लक्ष असतं. उलट उत्तर दिलेल्या मुलालाच बोलावून त्याच्यावर डाव केलात, तर सगळ्या वर्गाला कळतं की ही शिक्षा होती, आणि ताकद अशीच वापरायची असते हा धडाही मिळतो. जो तयार आहे त्याला बोलवा, दर वेळी वेगळ्याला.

जोर-बैठकांची शिक्षा देऊ नका. सवय नसलेल्या मुलाला शे-दोनशे बैठका घालायला लावल्या तर स्नायू इतके दुखावू शकतात की मूत्रपिंडांना धोका पोहोचतो. दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी झाली तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. दंगा करणाऱ्याला पाच मिनिटं बाजूला बसवा, मग परत घ्या.

हात लावून पवित्रा दुरुस्त करायचा असेल तर आधी सांगा, 'खांदा धरतोय', आणि सगळ्यांसमोर करा. मुलांबरोबर कपडे बदलायच्या खोलीत एकट्याने जाऊ नका, एका मुलाला वर्गानंतर एकटं थांबवू नका, मोबाइलवर निरोप पालकांच्या गटावरच टाका. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होऊ शकेल असं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, समोर तुमचे स्वतःचे सर असले तरी. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. 'क्लासचं नाव खराब होईल' म्हणून गप्प बसलात, तर पुढच्या मुलाला तुम्ही मुद्दाम धोक्यात टाकता.

तुमचं चुकलं, आकडा चुकला, उगाच ओरडलात, तर सगळ्यांसमोरच कबूल करा. दोन वाक्यं पुरतात.

क्लास सोडायचा असेल तर

घर लांब गेलं, परीक्षा आली, पटेनासं झालं, कारण काहीही असो, गायब होऊ नका. वर्ग संपल्यावर सरांना प्रत्यक्ष भेटा, कारण थोडक्यात सांगा, राहिलेली फी द्या, क्लासची हत्यारं, पॅड, किल्ली परत करा. तक्रार असेल तर ती आधी त्यांनाच सांगा, व्हॉट्सॲपच्या गटावर नाही. याला अपवाद एकच: गैरवर्तन किंवा मारहाण झाली असेल तर भेटायला जायची गरज नाही, सरळ पालकांना आणि पोलिसांना सांगा.

दुसऱ्या क्लासमध्ये गेलात की जुना बेल्ट न बांधता पांढरा बांधून उभे राहा आणि नवे सर सांगतील तिथे रांगेत लागा. आधी कुठे शिकलात असं विचारलं तर जुन्या सरांचं नाव सांगा. तिथल्या पद्धतीपेक्षा इथली बरी किंवा वाईट, ही तुलना मात्र निदान पहिलं वर्षभर करू नका.